साळवे मॅडमनी परत दिलेला मार्क

साळवे मॅडमनी मला एका मार्कानं नापास केलं होतं.

काल दुपारी गारखेड्यात, राहत्या घरी मॅडम गेल्या.

करमाडच्या शाळेत त्या आम्हाला दहावीला इंग्रजी शिकवायच्या. वाक्याचा प्रकार ओळखायची त्यांची एकच रीत. "शेवटचं चिन्ह झाका. कर्ता आधी आलाय की क्रियापद, ते बघा. क्रियापद आधी, तर प्रश्न."

प्रिलिमला वाक्य आलं.
How tall the boy is?

मी लिहिलं, एक्सक्लेमेटरी. उद्गारार्थी.
मॅडमनी लाल फुली मारली. त्यांच्या मते ते प्रश्नार्थक.
३४ मार्क. पासिंग ३५.

घरी अप्पांचं ठरलेलंच होतं. इंग्रजी गेलं की शाळा बंद. जालन्याचं एक स्थळही बोलून ठेवलेलं.

मी म्हटलं, "अप्पा, माझं उत्तर बरोबर आहे. एकदा मॅडमच्या घरी चला."

का कुणास ठाऊक, ते आले.

मॅडम गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. मी पेपर पुढं केला. त्या वाक्यावर बोट ठेवलं.

"मॅडम, इथं boy आधी आहे, is नंतर. हा प्रश्न नाय. प्रश्नचिन्ह चुकून पडलंय."

मॅडमनी ओले हात पदराला पुसले. अंगठ्यानं ते चिन्ह झाकलं आणि वाक्य परत वाचलं.

मग अप्पांकडं बघून म्हणाल्या, "पेपर मीच काढला, मीच तपासला. दोन्हीकडं चूक माझी. तुमची पोरगी बरोबर आहे."

परतीच्या बसमध्ये, शेंद्र्याजवळ अप्पांनी माझ्याकडं बघितलं.
मग म्हणाले, "मॅडमची चूक काढलीस व्हय?"
"व्हय."
"मग शीक."

घरी पोचल्या पोचल्या त्यांनी जालन्याला नकार कळवला.

सोमवारी मॅडमनी भर वर्गात सांगितलं, "मी चुकले होते." सगळ्यांचे पेपर परत मागवून घेतले आणि पुन्हा तपासले.
शिक्षक असं बोलू शकतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आज मी सोयगावला इंग्रजी शिकवते. मागच्या महिन्यात भेटायला गेले, तेव्हा मॅडम अंथरुणावरच होत्या. आवाज खोल गेलेला, पण चौकशी चालूच.

"पोरं तुझ्या चुका काढतात का?"
"काढतात मॅडम. लई काढतात."
"मग बरोबर शिकवतेस."

मॅडम, तुमच्या वर्गातल्या सगळ्या पोरींकडून तुम्हाला शेवटचा जयभीम.