उघड्या ट्रकमधलं बिऱ्हाड

सावद्याच्या घरातून सगळ्यांत शेवटी बाहेर आली ती लाकडी खाट. ती दारातून सरळ निघेना. मग माझा चुलतभाऊ राजू आणि शेजारचे दोघं यांनी ती आडवी केली, पाय वर करून काढली आणि ट्रकच्या हौद्यात गव्हाच्या पोत्यांवर टेकवली. नाना, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून ऐकत होते. बघत होते असं म्हणता येणार नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून आत जायचे. "खाटीचा डावा पाय सांभाया," एवढंच ते म्हणाले. तो पाय हौद्याच्या फाळक्याला घासतोय हे त्यांना आवाजावरूनच कळलं होतं.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. सावद्याला तुमच्यापैकी काही जण अजूनही म्हणतात की कुमूने बापाला उचलून नेलं. ते अगदीच खोटं नाही, म्हणून कधी वाद घातला नाही. पण त्या दिवशी रस्त्यात काय झालं ते तिथे कुणाला नीट माहीत नाही. ते तुम्हा सावद्याच्या सगळ्यांसाठी लिहून ठेवते.

त्या आधीच्या दिवाळीत आई गेली. मी एकुलती एक. लग्न होऊन शिरपूरला आलेली, तिथेच शाळेत शिक्षिका. नाना चार महिने एकटे राहिले. एका सकाळी त्यांनी ताट समजून तापलेल्या तव्यावर हात ठेवला. राजूने फोन केला, मी गेले आणि पट्टी बांधतानाच म्हणाले, "आता माझ्याकडे चला." लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणारा माणूस.  तिसऱ्या दिवशी म्हणाले, "येतो. पन बिऱ्हाड माह्याच गाडीतून जाईन."

ही गाडी म्हणजे त्यांचा सहा चाकी उघडा ट्रक. तीस वर्षं त्यांनी त्यातून केळी वाहिली, बागेतून रेल्वेपर्यंत आणि मंडीपर्यंत. डोळे गेल्यापासून तो निंबाखाली उभा होता. शिरपूरच्या एका वीटभट्टीवाल्याने तो घ्यायचं कबूल केलं होतं, म्हणजे तो तसाही तिकडेच जायचा होता.

ठरवलेला ड्रायव्हर आलाच नाही. त्याच्या मेहुण्याचं लग्न निघालं होतं. वाट पाहून दहा वाजले. तेव्हा नाना ओट्यावरून उठले, हाताने चाचपत केबिनपर्यंत गेले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. "मी नेतो," म्हणाले. अंगणात आठदहा माणसं होती. 

मी पायरीवर चढले आणि म्हणाले, "नाना, सरका."

याच ट्रकवर त्यांनी मला खळ्यात गाडी शिकवली होती. आई चिडायची, पोरीच्या जातीला हे कशाला म्हणून. त्यांनी पुढे परवानाही काढायला लावला. पण लग्नानंतर मी स्कूटीशिवाय काही चालवलं नव्हतं. सरका म्हटल्यावर ते सरकले. माझं कुठलंही म्हणणं त्यांनी इतक्या लवकर ऐकल्याचं मला आठवत नाही.

राजूने विचारलं, ताडपत्री आणू का? राजूच्या घरची ताडपत्री खळ्यात तुरीवर टाकलेली होती. नाना म्हणाले, "माघात कुठी पानी येते का? ऱ्हाऊ दे." आकाश अगदी स्वच्छ होतं. मलाही ते पटलं.

निघताना आणखी एक गोष्ट झाली. नानांच्या मांडीवर पत्र्याचा एक डबा होता. त्यात आईने आदल्या उन्हाळ्यात केलेले ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवलेले पापड, होते. आई गेल्यावर ते रोज जेवताना त्यातला एकच भाजून घ्यायचे, दुसरा कधीच नाही. डबा मोठा होता. गिअर टाकताना माझा हात त्याला लागायला लागला. गावाबाहेर आल्यावर मी ट्रक थांबवला आणि म्हणाले, "नाना, हा मागे ठेवते." त्यांनी दिला. झाकण सैल होतं म्हणून मी त्यावर फडकं बांधलं आणि खाटेखाली पोत्यांच्या मधे डबा बसवला.

फैजपूर, यावल, मग चोपड्याचा रस्ता. स्टिअरिंग इतकं जड की यावल येईपर्यंत माझे दंड भरून आले. नाना समोर तोंड करून बसले होते आणि कानाने गाडी चालवत होते. "उतार आहे, तिसऱ्यात घे." "क्लचवर पाय ठेवून बसू नको." उतार आहे हे त्यांना कसं कळायचं कोण जाणे. मध्येच म्हणाले, "किनगाव आलं ना?" आलं होतं. त्या दोन तासांत आम्ही जितकं बोललो तितकं माझ्या लग्नानंतर कधी बोललो नव्हतो, आणि सगळं गाडीबद्दल.

चोपडा सोडल्यावर उजव्या हाताला सातपुडा दिसेनासा झाला. आधी वाटलं धूळ आहे. मग वारा आडवा आला आणि रिकामा असल्यासारखा ट्रक डावीकडे ओढला जाऊ लागला. नाना म्हणाले, "पानी येऊ ऱ्हायलं." त्यांचं वाक्य संपायच्या आत काचेवर मोठे थेंब पडले आणि थेंबांमागोमाग गारा. वायपर एकच होता, तोही निम्म्यात अडकायचा. रस्त्यावर पांढरं पांढरं दिसायला लागलं. अनेर नदीचा पूल समोर होता, पण मला त्याचे कठडे दिसेनात. मी पुलाच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली.

गाडी थांबताच नानांनी दार उघडलं.

"नाना, कुठे चाललात?"

"डबा," ते म्हणाले.

मी उतरून पलीकडून येईपर्यंत ते चाकावर पाय देऊन हौद्यात चढले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा, डोळ्यांनी न दिसणारा माणूस. तो फाळका त्यांच्या हाताला पाठ होता. मी मागोमाग चढले. गाद्या, गोधड्या, पोती, सगळ्यावर पाणी. वाऱ्याच्या झटक्यात खाट सरकली होती आणि डबा आडवा झाला होता. फडकं कुठे गेलं माहीत नाही. नानांनी चाचपून डबा उभा केला, आत हात घातला आणि तसाच ठेवला. मग पोत्यावर बसले. गारा डोक्यावर पडत होत्या तरी टोपी सावरली नाही.

"कुमू, गाडी मांगे फिरव."

"नाना, आधी खाली उतरा."

"मले नही यायचं तुह्या घरी. फिरव मांगे."

 डबा मागे ठेवणारी मीच होते. पण गाडी मी फिरवणार नव्हते, हेही मला त्याच क्षणी ठाऊक होतं. फिरवली असती तर ते पुन्हा कधी निघाले नसते. मी त्यांच्या दंडाला धरून उभी राहिले. ते उठेनात.

तेवढ्यात रस्त्याच्या कडेच्या घरातून एक बाई ओरडली, "ओ माय, म्हताराले खाले उतार! गारा लागतीन!" तिने डोक्यावर पोत्याची खोळ घेतली आणि धावत आली. मी वरून, तिने खालून, असं नानांना उतरवलं. मी काही सांगायच्या आत तिने हौद्यातून तो डबाही काढून घेतला. आमच्या सामानात तिच्या हाताला तोच आधी लागला, एवढंच.

घर एका खोलीचं, बाजूला गोठा. चूल पेटलेली होती. तिने नानांना कोरडं धोतर दिलं आणि चुलीपाशी बसवलं. वयाने ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हटलं. थोड्या वेळाने तिचा नवरा बागेतून आला, नखशिखान्त भिजलेला. आम्हाला पाहून त्याने राम राम केला आणि मग बायकोला म्हणाला, "बठ्ठा बाग आडा पडना."  तिने त्याला कोरडा पंचा दिला आणि चहाचं आधण ठेवलं. आपली केळीची बाग आडवी झालेली असताना त्या दोघांनी त्या दुपारी आम्हाला पाहुणे करून घेतलं. तेव्हा मला त्याचं नवल वाटलं नाही, इतकी मी माझ्यातच होते.

चहा झाल्यावर अक्काने डबा पुढे ओढला. "हाई काय शे?" तिने विचारलं.

आत पाण्यात बिबड्यांचे तुकडे मऊ पडले होते. मी सांगितलं की माझ्या आईच्या हातचे आहेत, आई दिवाळीत गेली, आणि डबा मीच मागे ठेवला होता. शेवटचं वाक्य सांगायची गरज नव्हती. नानांसमोर ते बोलायचं होतं, म्हणून बोलले.

अक्काने एक तुकडा उचलून बोटांनी दाबून पाहिला. वाळवून आता काही उपयोग नव्हता, हे तिलाही कळलं असणार. मग ती नानांकडे वळली. "बाबा, याले टाकनं नही. भाजी करू का?"

 पत्र्यावर गारा वाजायच्या थांबल्या होत्या, नुसता पाऊस होता. शेवटी नाना म्हणाले, "कर."

तिने कांदा चिरला, लसूण-मिरची खलबत्त्यात ठेचली, भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट घातला. पाणी निथळून ते सगळे बिबडे कढईत टाकले. भाकरी होत्याच. आम्ही चौघं चुलीभोवती बसून जेवलो. आईने उन्हाळ्यात गच्चीवर बसून केलेलं, नानांनी एकेक मोजून पुरवलेलं, एका पंगतीत संपलं. दोन माणसं तर तिला ओळखतही नव्हती.

जेवता जेवता नानांनी विचारलं, "यात मीठ टाकलं का बाई तुम्ही?"

"नही, बाबा. त्यामझारच व्हतं."

मीठ बिबड्यांतलंच, आईने घातलेलं. नानांनी मान हलवली आणि आणखी भाजी मागून घेतली.

हात धुतल्यावर तेच म्हणाले, "चाल कुमू. उजेड आहे तोवर पोचू." गाडी मागे फिरवण्याचं पुन्हा निघालं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. आम्ही पूल ओलांडून धुळे जिल्ह्यात शिरलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि हौद्यातून मागे पाण्याची धार लागली होती. शिरपूरला आमचे मिस्टर फाटकात उभे होते. ते आणि शेजारी यांनी सामान उतरवलं. गहू भिजले, काही पोत्यांना पुढे मोड आले. गोधड्या आठवडाभर गच्चीवर होत्या.

यानंतर नाना रमले, असं लिहिता आलं असतं तर सोपं होतं. पहिलं वर्ष ते पाहुण्यासारखे राहिले. स्वतःचं ताट स्वतः घासायचे. गल्लीत बोलली जाणारी अहिराणी त्यांना कळायची, पण कळत नाही असं दाखवायचे. मागच्या खोलीचं दार दिवसाही लावलेलं. मी शाळेतून आले की खोलीतून रेडिओ ऐकू येतो का ते आधी पाहायचे. त्या वर्षी मला अनेकदा वाटलं, पुलाच्या अलीकडून गाडी फिरवायला हवी होती. मिस्टरांना तसं म्हणालेही. ते म्हणाले, "आणि तिथं त्यांनी काय केलं असतं?" 

दुसऱ्या वर्षी ते आपणहून ऑपरेशनला तयार झाले. डोळ्यांची पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा कुठे गेले असतील तर वीटभट्टीवर, ट्रक बघायला. भट्टीवाल्याने त्याला हिरवा रंग दिला होता. नाना म्हणाले, वाईट दिसतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. नव्या ड्रायव्हरला क्लच कसा तुटेल ते सांगितलं, आणि तो तसाच तुटला. मग तिथल्या माणसांनी त्यांना खुर्ची ठेवली. तिथे ते रोज सकाळी बसू लागले आणि तिथेच त्यांची भाषा बदलली. 'कुठी'चं 'कोठे' झालं. 'आहे'च्या जागी 'शे' आलं, 'सगळा'च्या जागी 'बठ्ठा' आलं. वीस वर्षं शिरपुरात राहून मला अहिराणी समजते, पण मी तिच्यात भांडू शकत नाही. नाना भांडायला लागले.

गेल्या वर्षी राजूच्या मुलीचं लग्न होतं. नाना पेटी भरून एकटेच एसटीने सावद्याला गेले. लग्नानंतर पंधरा दिवस राहीन म्हणाले, आणि दारात थांबून म्हणाले, "जमलं तं तिकडेच ऱ्हाईन. डोये आहेत आता." मी बरं म्हटलं. पेटीत सगळे कपडे होते. मी मागची खोली झाडली, चादर धुवायला टाकली आणि शाळेत गेले. आग्रह एकदा करून झाला होता. तो किती महागात पडतो ते मला माहीत होतं.

सहाव्या दिवशी दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. फाटकाबाहेर शेजारच्या आबांचा आवाज आला, "काय नाना, चार-पाच दिन दिखनात नहीत?"

आणि नानांचा आवाज आला, "गावले गयथू. आते घर उनू."

गावाला गेलो होतो, आता घरी आलो. मी दोरीमागेच उभी राहिले. ते आत आले, पेटी खाली ठेवली, आणि पाणी मागितलं.

मला कुणी तुझं घर कुठलं असं विचारलं तर माझ्या तोंडून अजून सावदाच येतं. तिथे आता राजू राहतो, त्याने फरशी बदलली, निंब पाडला, आणि त्यात त्याची काही चूक नाही. माहेर म्हणजे माणसं, तर माझं माहेर माझ्याच मागच्या खोलीत दुपारी झोपलेलं असतं. हे मला कळतं. जीभ मात्र ऐकत नाही.

त्या संध्याकाळी चहा पिताना नाना म्हणाले, "तू पन जाऊन ये एकदा सावद्याले. पाहुनी म्हनून जाय. पाहुना होऊन गेलं का सावदा लई चांगलं वाटते."

तर राजू, तूही हे वाचशीलच: मे महिन्यात चार दिवस येते आहे. पाहुणी म्हणून येते आहे. तशीच बसव मला ओट्यावर, आणि कशाला हात लावू देऊ नकोस.