दोन शटर सोडून

काल रविवारी एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मी स्वतःशीच हसतेय... थोडी चिडतेयही.

हुडकेश्वरला माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. रस्त्याच्या एका टोकाला चौक, दुसऱ्या टोकाला प्लॉट पाडून वसलेले नवे लेआउट आणि मी बरोबर मधोमध. दिवाळीनंतर सुनंदा नावाच्या बाईनं माझ्यापासून दोन शटर सोडून दुकान टाकलं... तेही फॉल-पिकोचंच.

मला तिचा संशय आधीपासूनच होता. दुकान टाकण्यापूर्वी ती माझ्याकडे एक साडी घेऊन आली होती आणि फॉल लागेपर्यंत स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका बघत होती. एवढा लांबलचक रस्ता सोडून ही माझ्याच उरावर का बसली? माझं गिऱ्हाईक फोडायला, दुसरं काय...

माझी मुलगी ऋचा इकॉनॉमिक्स शिकते. तिनं मार्किंगच्या खडूनं माझ्या टेबलावर एक रेघ ओढली. म्हणाली, हा रस्ता. बायका जवळच्या दुकानात जातात, म्हणजे दोन दुकानांच्या मधला बिंदू ही दोघींची हद्द. सुनंदा टोकाला बसली असती तर तिच्या वाट्याला थोडाच रस्ता आला असता. तुझ्याकडे सरकेल तसतशी हद्द तुझ्या बाजूला ढकलली जाते... म्हणून ती तुला चिकटली. हे वैर नाही आई, भूमिती आहे.

मग दोघी थोड्या लांब सरकलो तर, मी विचारलं. तर म्हणे वाटा दोघींना तेवढाच आणि बायकांची पायपीट कमी. पण एक सरकली आणि दुसरी मध्येच बसून राहिली, तर बसणारीचं फावतं. म्हणून कोणीच हलत नाही. याला त्यांच्या पुस्तकात गेम म्हणतात. मी म्हटलं, त्यासाठी कॉलेज कशाला, सुनंदाचा चेहरा बघितला तरी कळतं.

मग ऐन लग्नसराईत सुनंदा उमरेडला माहेरी गेली. आता अख्खा रस्ता माझा... मी खुशीत होते. पण दोन दिवसांतच उलटं सुरू झालं. बायका गाडी थांबवायच्या, तिचं बंद शटर आणि माझ्याकडचा साड्यांचा ढीग बघायच्या आणि निघून जायच्या.

नेहमीच्या एक काकू बोलल्याच. दोघी असतात म्हणून इतक्या दुरून येतो, एकीकडे गर्दी असली तर दुसरी करून देते. ऋचाला सांगितलं तर म्हणाली, हे त्या रेघेत नव्हतं.

सुनंदा परत आली ती थेट माझ्या दुकानात.

"ताई, लेआउटच्या टोकाले एक गाळा भेटून राहिला. जातो मी तिकडं. तुमाले बी मोकळं होईन."

महिन्यापूर्वी मी पेढे वाटले असते. आता घाईघाईनं स्टूल तिच्यापुढं सरकवलं.

"काहून चालली वं? राहा इथंच."

"मले वाटलंच, तुमी असं म्हणान." एवढं बोलून ती आपल्या दुकानात गेलीसुद्धा.

इतक्या पटकन मानलं? माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला. काल स्कूटी काढली आणि टोकापर्यंत जाऊन आले... रिकामा गाळा एकही नाही. शेवटचा मेडिकलवाल्यानं केव्हाच घेतलाय.

तिला कुठं जायचंच नव्हतं. इतके महिने माझं फुगलेलं तोंड बघून तिलाही धास्तीच असणार. मला ती नको आहे का, एवढंच तिला काढून घ्यायचं होतं. आधी राग आला... मग वाईट वाटलं. खरं सांगू, ती राहिली याचं फार बरं वाटलं.

आज सकाळी तिला चहाला बोलावलं. गाळ्याचं मी विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही. कप ठेवताना तिला टेबलावरची खडूची रेघ दिसली. हे काय आहे, म्हणाली.

ब्लाउजचं माप आहे, मी म्हटलं.

तिनं मान हलवली... पण विश्वास काही बसलेला दिसला नाही.