देणगीदारांची पट्टी

आमच्या वाहिनीचा एन्कोडर बंद पडला, तोही मासेमारीचा हंगाम नुकताच सुरू झालेला असताना. एन्कोडर म्हणजे कॅमेऱ्यातलं चित्र केबलवरून जाईल अशा रूपात बदलणारा डबा. तो नाही तर रत्नागिरीत आमची वाहिनी नाही, आणि किनाऱ्यावरच्या घरांना संध्याकाळचा वाऱ्या-लाटांचा अंदाज नाही. वाहिनी ट्रस्टची. जाहिराती घ्यायच्या नाहीत हा नियम. मी तिथला इंजिनिअर, म्हणजे वायरमनपासून सगळं काही.

मी म्हटलं, प्रेक्षकांकडे देणगी मागू. आमचे अध्यक्ष सप्रे सर, निवृत्त हेडमास्तर, लगेच आडवे आले. पैसे दिले की लोक मालकी गाजवतात, असं त्यांचं म्हणणं. मी हट्टाला पेटलो. पालखीला, उरुसाला न मागता देणारी माणसं ही, आपल्याला का नाही देणार? शेवटी सर म्हणाले, "करा, पण तुमच्या जबाबदारीवर."

व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरवला आणि आठवड्यात नवा डबा आला. देणग्या खेडहून आल्या, मस्कतहून आल्या. एकाने तर शहाळीच आणून टेबलावर ठेवली. मला आकाश ठेंगणं झालं.

मग मी नको तो शहाणपणा केला. आपल्याकडे देणाऱ्याचं नाव जाहीर घ्यायची रीत. मी सगळी नावं टिकरवर टाकली. टिकर म्हणजे पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी. नाव, वाडी, कोणाच्या स्मरणार्थ, सगळं साग्रसंगीत. वाऱ्याचा अंदाजही त्याच पट्टीवर, पण नावं संपल्यावर.

तिसऱ्या संध्याकाळी पूर्णगडच्या रुकय्याचाचींचा फोन आला. पहिली देणगी त्यांचीच. शेजारी बसलेल्या सरांनी भुवया उंचावल्या. मी मोठ्या तोऱ्यात फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, माजा नाव तीन वेला बगितला," चाची म्हणाल्या. "पोरगा होडीत डिझेल भरून बसलाय. वारा कवा सांगतंस? ती नावा काड आदी."

मी ओशाळलो. नावं काढली, अंदाज लावला. वादळी वारा, समुद्रात जाऊ नये. चाचींनी तिथूनच मुलाला हाक मारली आणि होडी वर ओढायला लावली. त्या रात्री वाऱ्याने किनारा झोडपून काढला. सकाळी होडी वाळूत धडधाकट होती आणि मला इतका आनंद झाला की मी ऑफिसभर चहा पाजला.

सरांनी त्याच दिवशी स्वतःची देणगी दिली, नाव न टाकण्याच्या अटीवर. माझं मत आता पक्कं आहे. देणगी प्रेक्षकांकडूनच घ्यावी. निदान आपलं काम काय आहे, हे कोणीतरी फोन करून सांगतं.