टेबलावरचा ठेका

दुबईत तेव्हा जॅझ वाजवणारेच थोडे, आणि त्यात डबल बेस वाजवणारी बाई म्हणजे मी एकटीच. माझ्याहून उंच ते वाद्य मी हॉटेलात आणायचे, तेव्हा लिफ्टमधले लोक आधी त्याच्याकडे बघायचे आणि मग माझ्या टिकलीकडे. बघू देत. मला वाजवता येत होतं, आणि चांगलं येत होतं.

आम्ही चौघं. पियानोवर आमचा म्होरक्या, वसईचा. सॅक्सोफोनवर एक गोवेकर. ड्रम्सवर एक फिलिपिनो. दर शुक्रवारी दुपारी हॉटेलच्या ब्रंचला वाजवायचो. मग मंदी आली. अल क्वोजच्या ज्या गोदामात आम्ही सराव करायचो ते बंद झालं, जबल अलीतल्या माझ्या ऑफिसातली कितीतरी माणसं बाडबिस्तरा गुंडाळून परत गेली, आणि हॉटेलच्या मॅनेजरने सांगितलं, "हबीबी, अभी तीन लोग बस. खलास."

पियानोवाल्याने मला बाजूला घेतलं. "ताई, रागावू नकोस. बजेट कट झालंय. बेसचं काम मी पियानोवरच डाव्या हाताने मॅनेज करीन. तसाही लोकांना तो ऐकू येत नाही."

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं हा माझ्या सुरांच्या जिवावर टाळ्या घेत होता. पण भांडले नाही. म्हटलं, "ठीक आहे. या शुक्रवारी तिघं वाजवा. मी जेवायला येते."

आणि गेले. स्टेजसमोरचंच टेबल धरलं, ताट भरून घेतलं.

पहिलं गाणं रमतगमत जाणारं. बघता बघता ते धावायला लागलं. आमचा ड्रमर लय धरायचा ती माझ्या उजव्या हाताकडे बघून. आज तो सवयीने डावीकडे बघायचा, जागा रिकामी दिसायची, की गडबडायचा. मला राहवेना. टेबलावर दोन बोटांनी ठेका धरला. ड्रमरला तो दिसला, आणि गाणं हळूहळू ताळ्यावर आलं.

दुसऱ्या गाण्यात सॅक्सोफोनवालाही माझ्याकडेच बघायला लागला. पियानोवाल्याने त्या दोघांकडे बघितलं, मग त्यांच्या नजरेमागोमाग माझ्याकडे. मी उजव्या हाताने ठेका देत डाव्या हाताने पुडिंग खात होते. मला मनापासून मजा येत होती.

मध्यंतरात तो घाम पुसत आला. "ताई, बेस आणलायस?"

"खाली माझ्या व्हॅनमध्ये आहे."

"तिघांच्या पैशात चौघं वाजवू, वाटून घेऊ. मॅनेजरशी मी बोलतो. तू वर ये."

"येते. पण यापुढे गाणं मी सुरू करून देणार."

'वन, टू, थ्री, फोर' म्हणून लय ठरवून देणं हा म्होरक्याचा मान, आणि तो त्याने कधी कुणाला दिला नव्हता. तो पुन्हा घाम पुसायला लागला. मागून गोवेकर म्हणाला, "यल्ला, चल ना, किती विचार करतोस?"

मी बेस उभा केला, बोटं तारांवर ठेवली. पियानोवाला दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. मी त्याला जरा जास्तच वेळ थांबवलं, आणि मग मोजायला सुरुवात केली.