उलट्या पट्टीची घडी

सगळे तिला चिमटाताई म्हणायचे, कारण तिच्या हातात सदान्‌कदा चिमटा. खरं तर ती सर्किट बोर्डांची आखणी करणारी इंजिनिअर. पण दारावरच्या कॅमेऱ्यांचा पहिला बोर्ड आखताना तिने घोळ घातला. नखाएवढ्या त्या कॅमेऱ्याला कागदासारखी पातळ पट्टी असते आणि पट्टीच्या टोकाला एकाच बाजूने तांब्याचे दात. बोर्डावरचा कनेक्टर हिने नेमका दुसऱ्या बाजूचा निवडला. पट्टी बसायची, पण चित्र काही दिसायचं नाही.

तेव्हाच कबूल केलं असतं तर चार शब्दांवर भागलं असतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची! तिने पट्टीला हलकी घडी घातली, दात उलटे झाले, चित्र आलं. घडीमुळे जागा वाचते, असं मालकांना ठोकून दिलं. मालकांना सगळे काका म्हणत. काकांना ती घडी इतकी आवडली की त्यांनी मोठी ऑर्डर घेतली. घ्या, हात दाखवून अवलक्षण! घडी जरा जास्त दाबली की आतली तार तुटते, आणि बाकीच्यांच्या हातून ती हमखास तुटायची. मग काय, बाई बसल्या बिनखिडकीच्या खोलीत, भिंगाच्या दिव्याखाली, दिवसभर घड्या घालत.

अशात नवऱ्याची बदली झाली. तो लेकीला घेऊन पुढे गेला, ही मागून येणार म्हणून. लेक आधी फोनवर रोज विचारायची, आई कधी येणार. हल्ली विचारेनाशी झाली होती, आणि तेच हिला जास्त लागायचं. काका माणूस वाईट नव्हता. घडी घालणारं कुणी तयार कर आणि खुशाल जा, एवढंच त्यांचं म्हणणं. पण कुणी तयार होईना.

शेवटी जुने बोर्ड संपत आले तेव्हा तिने गुपचूप नवा बोर्ड आखला, कनेक्टर सुलट करून. सरळ पट्टी खोचली की झालं, कुणीही करेल. काकांना सांगितलं, किरकोळ सुधारणा आहेत. बोर्डांचा ढीग आला त्या सकाळी तिने नवऱ्याला कळवूनही टाकलं, की लेकीला सांग, येतेय.

तेवढ्यात काका खोकी उचलून आत आले, गालातल्या गालात हसत.

"तुला इथं अडकवलंय, मनाला खात होतं बघ," ते म्हणाले. "म्हणून तुला न सांगता कॅमेऱ्यांची पट्टीच नव्याने बनवून घेतली. कॅमेरेवाला म्हणाला, दात दुसऱ्या बाजूला घेतले की घडी लागतच नाही. आता घडीची भानगडच नाही. वर्षभराचा माल आहे."

तिने एक पट्टी नव्या बोर्डात खोचली. पडदा काळाच राहिला. काका गोंधळले, पुन्हा खोचायला सांगू लागले. तिला रडू फुटणार होतं, पण रडायचं तरी कशाचं निमित्त करून? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तिने चिमट्याने पट्टी सोडवली, घडी घातली, परत बसवली. चित्र आलं.

"तू आहेस म्हणून निभावतंय गं," काका म्हणाले. "एवढा माल संपेपर्यंत थांबशील ना?"

ती हो म्हणाली. नाही म्हणायचं तर आधी खरं सांगावं लागलं असतं.