हँडलला टांगलेलं हेल्मेट

काळी नदीच्या दरीतून दोर लावून वर ओढलेली ती फटफटी अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. गोवा मोकळा झाल्यानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा गोव्याच्या हद्दीजवळच्या सुप्याला फौजदार होतो. ते सुपा आता धरणाच्या पाण्याखाली आहे, आमचं ठाणंही त्यातच गेलं.

आमच्या भागात फटफटी एकच होती, एका तरुण लाकूड व्यापाऱ्याची. माणूस वाईट नव्हता. हसतमुख, हाताचा सढळ, पण कुणाचं ऐकेल तर शपथ. बेळगावच्या कॅम्पातून त्याने हेल्मेट आणलं होतं आणि ते हँडलला टांगून त्यातून तो बाजारची अंडी आणायचा. एकदा चहाच्या दुकानापुढे मी त्याला टोकलं, तर म्हणाला, "सायेब, डोसकं माझं हाय. फुटलं तर माझंच फुटंल. टोपी घालायचा कायदा हाय का? दावा की."

कायदा नव्हता. दुकानातली माणसं हसली, मीही हसलो.

पुढे पावसाळ्यात त्याचं डोकं फुटलंच. रामनगरच्या वाटेवर एका वळणावर गाडी घसरली. वेळेवर बेळगावला पोहोचवला म्हणून वाचला. दसऱ्याच्या सुमारास तो टाके मिरवत परत आला आणि पुन्हा बोडक्या डोक्याने फिरू लागला. हेल्मेट हँडलला, हेल्मेटात अंडी. जित्याची खोड, दुसरं काय!

मग एका सकाळी तो ठाण्यात धावत आला. घरापुढे लावलेली गाडी चोरीला गेली होती. फिर्याद नोंदवून घेतोय तोच एका गुराख्याने खबर आणली, की दरीत काहीतरी चमकतंय. जागेवर जाऊन पंचनामा केला. गाडीचा चुराडा झाला होता, पण एक नटसुद्धा कुणी काढून नेला नव्हता. वरच्या चिखलात चाकांच्या शेजारी अनवाणी पावलं उमटली होती. गाडी चालवत नव्हे, ढकलत आणलेली होती. आणि हेल्मेट? ते व्यापाऱ्याच्या ओट्यावर पुसून ठेवलेलं मिळालं.

आमचे जमादार म्हणाले, "असला कसला चोर वो सायेब? घोडं नेलं आन् लगाम ठेवून गेला!"

चोराचा वस्तूवर डोळा असतो. इथे वस्तूवर राग होता. तालुक्याची खबर चहावाल्याइतकी कुणालाच नसते, म्हणून त्याला गाठलं. डोंगरातल्या वस्तीवरच्या एका लाकूडतोड्या मजुराचं त्याने नाव घेतलं. "फटफटीचा आवाज आला की अर्धा च्या टाकून उठतोय. आदी न्हवतं असं."

मजुराला बोलावून घेतलं. तिशीचा, काटक माणूस. बाकावर बस म्हटलं तरी जमिनीवर बसला. गुन्हेगार फार बोलतो, असा माझा अनुभव. हा विचारलं तेवढंच सांगायचा. शेवटी सरळच विचारलं, "गाडी तू ढकललीस?"

"व्हय."

"त्याने तुझं काय केलं होतं?"

"त्यानं काय न्हाई केलं, सायेब. मीच केलं."

मग त्याने जबाब दिला. त्याची बायको बाळंतपणात अडली होती. सुईणीने हात टेकले, बेळगावला न्या म्हणाली. हा सुप्याला पळत आला. वेळेला मिळेल अशी जीप तालुक्यात एकच, एका ठेकेदाराची. ती मागून घेऊन वस्तीकडे निघाला, तर वाटेत हा व्यापारी रक्तात पडलेला.

"डायवर बोलला, वस्ती एकीकडं, बेळगाव एकीकडं. ह्येला आता न्हेला न्हाई तर हितंच जाईल. तू सांग, काय करू. मीच उचलला त्याला. मीच जीपमदी घातला. वाटलं, सांजच्याला जीप येईल. जीप दुसऱ्या दिशी आली."

तोवर बायको आणि पोटातलं मूल, दोघंही गेली होती. घरी चार वर्षांची पोर उरली होती.

"त्येचा राग न्हाई," तो म्हणाला. "मानूस मरत हुता, न्ह्यायलाच पायजे. पन बरा होऊन आला आन् टोपी पुन्यांदा हँडलला. तवा डोसकं फिरलं माझं."

जबाब लिहून घेतला. फार वाईट वाटलं. हा तुरुंगात गेला तर त्या पोरीला बघायला कोणी नव्हतं.

व्यापाऱ्याला बोलावून जबाब वाचून दाखवला. आपल्याला कुणी उचललं हे त्याला ठाऊकच नव्हतं. "पन मी तिचं काय केलं, सायेब? मला तर सुदच न्हवती," तो म्हणाला. तेही खरंच होतं. बराच वेळ तो डोक्यावरचा व्रण चाचपत बसला. मग म्हणाला, "मिटवून टाका."

चोरीचा हेतू नव्हताच. गुन्हा नुकसानीचा, फिर्यादीला मिटवता येण्यासारखा. मॅजिस्ट्रेटसमोर तो मिटला. बाहेर आल्यावर व्यापारी मजुराच्या वाटेत जाऊन उभा राहिला. शेवटी बाजूला झाला.

आता हेल्मेटचा कायदा आहे, आणि "डोकं आमचं, तुम्हाला काय?" असं तरुण मुलं मलाच विचारतात. त्यांच्याशी मी भांडत नाही. ऊठसूट पोलिसाने माणसाच्या आयुष्यात नाक खुपसू नये, याच मताचा मी आहे. पण फुटलेलं डोकं आपल्या पायांनी घरी जात नाही. ते कुणीतरी उचलतं. तो उचलणारा कुठल्या कामाला निघाला होता, हे विचारायचं आमच्याकडून राहून जातं.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना मी त्या मजुराला विचारलं होतं, "गाडी दरीत लोटलीस, मग टोपी तेवढी का ठेवलीस?"

"गाडी काय, तो दुसरी घील, पुन्यांदा पडंल, सायेब," तो म्हणाला. "जीप एकच हाय."