आखूड फळ्यांचा साकव

बोईसरच्या कारखान्यात मी ड्रॉइंग काढायची. डिप्लोमा केलेली आमच्या कोळ्यांतली पहिलीच पोर, म्हणून घरीदारी कौतुक. पण सातपाटीजवळच्या आमच्या पाड्यापुढचा ओहोळ मात्र तसाच. भरतीच्या वेळी आई आणि बाकीच्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून पालघरची एसटी गाठायच्या. सिमेंटचा पूल ‘मंजूर होतोय’ हे मी परकर नेसत होते तेव्हापासून ऐकत होते. शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, साकव मीच घालते.

ओहोळाच्या रुंदीचं सलग लाकूड आम्हाला कोण देणार? वखारीत मिळाल्या त्या आखूड फळ्या. त्या कडेवर उभ्या धरून थराला थर भिडवायचा, एका थरातला सांधा शेजारच्या थरातल्या सांध्यासमोर येऊ द्यायचा नाही, आरपार बोल्ट आवळायचे, झाली तुळई. अशा दोन तुळया आणि वर आडव्या फळ्या. ‘ठिगळांचा पूल’ म्हणून लोक हसले. हसेनात का! हसत हसत त्यांनीच तो खांद्यावरून वाहून बसवला.

आणि घात झाला. लाकूड दिसलं की आमच्या माणसांचा हात मुशी माशाच्या तेलाकडे जातो. होडीला चोपडतात तसं त्यांनी मी कामावर असताना साकवालाही मोठ्या प्रेमाने चोपडलं. दुसऱ्या सकाळी पहिली चढली ती आई, आणि टोपलीसकट आपटली. गुडघा सुजला.

“तुजा साकव तुलाच ऱ्हाऊ दे. मी जाते आपली पाण्यातून,” ती म्हणाली. मला रडू फुटलं, रागही आला.

मी फळ्या राखेने घासून काढल्या, पाय रोवायला जाळ्यांचे जुने दोर आडवे ठोकले. तोवर तालुक्याहून साहेब ‘धोकादायक’ची पाटी घेऊन हजर.

“तुमच्याच आईला लागलं ना? जोडलेलं लाकूड भार घेत नाही, बाई.”

“आई तेलावरून घसरली. तुळई जागची हललेली नाही.”

“बंद म्हणजे बंद.”

ओहोटी होती. मी साडी खोचली, चिखलात उतरले आणि साकवाच्या मधोमध खाली जाऊन उभी राहिले. “सगळ्या बायका टोपल्या घेऊन वर येऊ देत. मोडला तर माझ्यावर मोडेल. मग खुशाल पाटी ठोका.”

कोणी पुढे येईना. मी खाली असताना कोण येणार? मग आईचा आवाज आला, “माजी पोर खाली हाय. तिला ठाऊक नाय तर कोनाला? चला गं!”

लंगडत ती चढली. मागोमाग सगळ्या. तुळया कुरकुरल्या, जराशा वाकल्या आणि थांबल्या. टोपल्यांतलं माशांचं पाणी माझ्या डोक्यावर गळू लागलं.

“बाई, बाहेर या!” साहेब ओरडले.

“आधी पाटी गाडीत ठेवा,” मी म्हटलं.